पाच महिन्यांचा बिशप

‘चांद्यापासून बांद्यापर्यंत’ असं आपण सहज बोलून जातो, पण चांदा नावाचं जिल्ह्याचं गाव आता नकाशात नाही. साठच्या दशकात चांद्याचं चंद्रपूर झालं. जुनं नाव उरलं ते या बोलण्यात, चांदा फोर्ट स्टेशनात, भद्रावतीजवळच्या आयुध निर्माणीत, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आणि एका ख्रिस्ती धर्मप्रांतात. ही शेवटची गोष्ट जिल्ह्यातल्याही पुष्कळांना माहीत नसते. त्या धर्मप्रांताचं नाव आजही चांदा, आणि त्याचं मुख्य चर्च चंद्रपुरात नसून आमच्या बल्लारपुरात आहे. संत थोमाचं कॅथेड्रल. बिशपचं आसन ज्या चर्चमध्ये असतं ते कॅथेड्रल. मूळ ग्रीक शब्द ‘कथेद्रा’, अर्थ खुर्ची.

बल्लारपूर म्हटलं की लोकांना कागद कारखाना आठवतो, कोळशाच्या खाणी आठवतात, सागवानाचा डेपो आणि वर्धेच्या काठावरचा गोंड राजांचा किल्ला आठवतो. दिल्ली-चेन्नई मार्गावरचं मोठं जंक्शन आहे; गावाचं नाव बल्लारपूर आणि स्टेशनच्या पाटीवर बल्हारशाह. रेल्वेनं, खाणींनी आणि कारखान्यानं कुठकुठली माणसं इथे ओढून आणली. तेलुगू, हिंदी, बंगाली, मल्याळी. आमच्या वर्गात माझ्या बाकावर एक मल्याळी मुलगा बसायचा. एकदा शनिवारी शाळा सुटताना तो म्हणाला, “उद्या आमच्याकडे मार येणार आहेत.” मार येणार आणि वर हा खुशीत! मला वाटलं, कुणाच्या तरी पाठीवर काहीतरी पडणार आहे. बिशपला त्यांच्यात ‘मार’ म्हणतात हे कळायला मला बरीच वर्षं लागली. (वसईकडचे मराठी ख्रिस्ती बिशपला ‘महागुरुस्वामी’ म्हणतात. त्या शब्दानं असा घोटाळा झाला नसता.)

‘मार’ म्हणजे ‘माझे स्वामी’. शब्द सुरयानी भाषेतला. आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फा शहराच्या परिसरात वाढलेली ही भाषा अरामी भाषेचंच एक रूप, आणि अरामी ही येशूची बोली. हे लोक रविवारच्या उपासनेला ‘कुर्बाना’ म्हणतात. आपल्या ‘कुर्बानी’चं आणि त्या शब्दाचं मूळ एकच. साधूला सुरयानीत ‘रब्बान’, आणि एकांतवासी साधूला ‘इहीदाया’, म्हणजे एकटा, एकुलता. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवावा. पुढे लागणार आहे.

आता ही भाषा बल्लारपुरापर्यंत आली कशी? रोमन साम्राज्याच्या पूर्वेला, इराणच्या सासानी राजवटीत, ख्रिस्ती लोकांचं स्वतंत्र चर्च उभं राहिलं होतं. रोमच्या पोपशी त्याचा रोजचा संबंध नव्हता, कॉन्स्टँटिनोपलशी तर भांडणच होतं. त्याचा प्रमुख ‘कॅथोलिकोस’, आणि इराणी आखातातल्या व्यापारी जहाजांच्या वाटेनं या चर्चचा हात हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत पोचला. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यानं ‘कल्लिआना’ गावी इराणात दीक्षा घेतलेला एक बिशप असल्याचं लिहून ठेवलं आहे. बहुतेक अभ्यासक त्याला आपलं कल्याण मानतात. केरळात कोल्लमच्या चर्चला इसवी सन ८४९ मध्ये दिलेले ताम्रपट तर आजही आहेत. केरळच्या या थोमापंथी ख्रिस्ती लोकांना सोळाव्या शतकापर्यंत बिशप यायचे ते इराण-इराकातून. १४९० च्या सुमारास केरळहून माणसं कॅथोलिकोसकडे बिशप मागायला गेली, तेव्हा त्यानं एका मठातले दोन साधू उचलले, त्यांना बिशप केलं आणि जहाजानं रवाना केलं. पूर्वेकडच्या चर्चची रीतच ती. बिशप हवा की मठ धुंडाळायचा.

पण मठातल्या माणसाला काय हवं असतं? सातव्या शतकात या चर्चनं एका एकांतवाशाला उचलून खुर्चीवर बसवलं आणि तो पाच महिन्यांत खुर्ची सोडून निघून गेला. त्याचं नाव इसहाक. संतांना एकेरी बोलावण्याची आपली जुनी सवय आहे, तीच इथे चालवतो.

इसहाकचा जन्म ‘बेथ कत्राये’ या मुलखातला. ‘बेथ’ म्हणजे घर; बेथलेहेम या शब्दातला बेथ तोच. कत्रींचं घर म्हणजे आजचा कतार, बहरीनच्या आजूबाजूची बेटं आणि सौदी अरेबियाचा पूर्व किनारा. आज तिथे तेल आहे, तेव्हा मोती होते. मोत्यांसाठी बुड्या मारणारे, खजुराचे मळे राखणारे, जहाजांवर जाणारे लोक, आणि त्यांच्यात ख्रिस्ती वस्ती भरपूर. त्या शतकात या एवढ्याशा किनाऱ्यानं सुरयानी भाषेला इसहाकखेरीज दादीशो, गब्रिएल असे आणखी नाव घेण्याजोगे लेखक दिले. सगळे ‘कत्राया’.

इसहाक तरुण असताना जग उलटंपालटं होत होतं. सासानी राज्य कोसळलं, अरबांची सत्ता आली. त्यातच बेथ कत्रायेचे बिशप कॅथोलिकोसवर रुसले आणि त्याचा हुकूम मानेनासे झाले. पलीकडे इराणच्या किनाऱ्यावरच्या रेव अर्दशीरचा मुख्य बिशपही असाच फुटून निघाला, आणि त्याच्या हट्टापायी हिंदुस्थानला बिशप मिळेनासे झाले अशी तक्रार कॅथोलिकोस ईशोयाब तिसरा यानं आपल्या पत्रांत केली आहे. म्हणजे इसहाकच्या गावाकडची आणि शेजारची भांडणं केरळच्या किनाऱ्यापर्यंत जाणवत होती. पुढचा कॅथोलिकोस गीवर्गीस पहिला यानं ६७६ साली स्वतः तिथे जाऊन दारीन बेटावर धर्मसभा भरवली, समेट घडवला आणि परत निघाला. इसहाक त्याच्या नजरेस याच फेरीत पडला असावा. त्यानंतर थोड्याच काळात, गीवर्गीसच्या मृत्यूपूर्वी, म्हणजे ६८० च्या आत, उत्तर इराकातल्या बेथ आबे मठात इसहाकला निनवेचा बिशप म्हणून दीक्षा मिळाली.

निनवे म्हणजे बायबलातल्या योनाचं निनवे. आजच्या मोसूल शहरासमोर, तैग्रिस नदीच्या पल्याड. आखाती किनाऱ्यावरचा माणूस एकदम डोंगराळ उत्तरेत, पार अनोळखी लोकांत.

तोवर इसहाक कसा जगत होता, हे समजून घेतल्याशिवाय त्याच्या पाच महिन्यांचा अर्थ लागत नाही. पूर्वेकडच्या चर्चमधल्या साधूंना शिस्त लावली ती काश्करच्या अब्राहमनं. ५७१ साली त्यानं इज्ला डोंगरावरच्या आपल्या मठासाठी नियम लिहिले, आणि ते इराणभर पसरले. नवा माणूस पहिली काही वर्षं मठात सगळ्यांबरोबर राही. दळण, पाणी, शेत, स्वयंपाक, स्तोत्रं पाठ करणं. यात टिकला तर त्याला एकट्याची खोली मिळे; खोली कसली, दगडमातीची खोपटीच, मठापासून थोडी दूर. आठवडाभर तिथे एकटं राहायचं आणि रविवारच्या उपासनेला सगळ्यांनी एकत्र यायचं. मनानं घट्ट असलेले काही जण एकेका वेळी सात-सात आठवडे बाहेरच पडत नसत. हा झाला ‘इहीदाया’.

या जगण्याला सुरयानीत एक सुंदर शब्द आहे, ‘शेल्या’. मराठीत शांतता म्हणावं तर पुरत नाही. विहिरीतलं पाणी कुणी बादली न टाकता बराच वेळ राहिलं की जसं होतं तसं काहीतरी. इसहाकच्या सगळ्या लिखाणाचा कणा हा शब्द आहे. तोंड बंद ठेवणं ही पहिली पायरी, मग मन बंद होतं, आणि मग जे उघडतं त्याबद्दल तो पानंच्या पानं लिहितो.

असा माणूस बिशप झाला. बिशपचं काम काय? लोकांना वाटतं प्रवचनं, आशीर्वाद, उत्सव. अरबी अमलाखालच्या बिशपचं निम्मं काम कचेरीचं होतं. ६७६ च्या त्याच दारीनच्या सभेत ठराव झाला की ख्रिस्ती माणसांनी आपसातले तंटे बाहेरच्या न्यायाधीशाकडे नेऊ नयेत, चर्चनं नेमलेल्यांकडूनच सोडवून घ्यावेत. बाकीचे ठरावही वाचण्यासारखे आहेत. बायकांनी परधर्मात लग्न करू नये. मयताला भपक्याची वस्त्रं घालू नयेत आणि ऊर बडवून आक्रोश करू नये. सणाच्या दिवशी प्रसाद घेऊन चर्चमधून निघालेली मंडळी थेट यहुद्यांच्या गुत्त्यात दारू प्यायला बसतात, ते बंद करावं. एका ठरावात बिशपकडून डोईपट्टी मागू नये असंही आहे. म्हणजे बिशप हा गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष, वारसाहक्काचा न्यायाधीश, लग्नं जुळवणारा-मोडणारा आणि सरकारशी घासाघीस करणारा, असा चारी बाजूंनी ओढला जाणारा माणूस. मारुतीच्या देवळासमोर समितीची बैठक पाहिलेल्याला त्याची कल्पना येईल. बांधावरच्या एका झाडासाठी दोन भाऊ तीन तास बोलतात.

इसहाक का निघून गेला, याबद्दल एक गोष्ट पुढच्या काळात सांगितली जाऊ लागली. ती खरी असेलच असं नाही, पण सांगणाऱ्याला बिशपची कचेरी चांगली माहीत होती.

नवा बिशप आसनावर बसला. पहिल्याच दिवशी दोन माणसं आली. एक सावकार, एक कर्जदार. सावकार म्हणाला, माझे पैसे आत्ताच्या आत्ता द्यायला सांगा, नाहीतर मी याला न्यायाधीशाकडे खेचतो. कर्जदारानं देणं आहे हे नाकारलं नाही, फक्त थोडी मुदत मागितली. इसहाक सावकाराला म्हणाला, शुभवर्तमानात तर नेलेली वस्तू परतही मागू नये असं सांगितलंय. तू निदान एक दिवस थांब. त्यावर सावकार जे बोलला ते कुठल्याही गावात, कुठल्याही शतकात ऐकायला मिळेल: शुभवर्तमान सध्या बाजूला ठेवा महाराज, हा व्यवहार आहे. इसहाक क्षणभर गप्प झाला. शुभवर्तमान बाजूला ठेवायचं असेल तर मी इथे कशासाठी बसलोय, असं काहीसं तो स्वतःशीच म्हणाला आणि उठला.

सर्वांत जुनी हकिकत बसऱ्याच्या ईशोदनाह या बिशपनं नवव्या शतकात लिहिलेल्या साधूंच्या चरित्रांत आहे. तिथे सावकारही नाही आणि कर्जदारही नाही. पाच महिने गादी सांभाळून त्यानं ती सोडली, कारण देवाला ठाऊक, एवढंच तो सांगतो. मला हेच जास्त आवडतं. माणूस नोकरी सोडतो तेव्हा लोक कारण विचारतात, आणि न सांगितलं तर एखादं चांगलं कारण तयार करून देतात.

योगायोग असा की साधारण त्याच वर्षांत, सुमारे चार हजार किलोमीटर दूर, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हेच घडत होतं, आणि या दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. कथबर्ट नावाचा साधू ६७६ च्या सुमारास फार्न नावाच्या उघड्या खडकाळ बेटावर एकटा राहायला गेला. आपल्या खोपीभोवती त्यानं इतकी उंच भिंत घातली की आतून फक्त आकाश दिसावं. बेटावरच्या समुद्री बदकांना कुणी हात लावायचा नाही, असा त्याचा दंडक. त्याला बिशप करायचं ठरलं, पण निरोपांना आणि पत्रांना तो दाद देईना. शेवटी राजा एगफ्रिथ स्वतः होडीत बसून बेटावर गेला, गुडघे टेकले, तेव्हा कथबर्ट रडत रडत बाहेर आला. ६८५ च्या ईस्टरला यॉर्कमध्ये त्याची दीक्षा झाली. दोन वर्षंही तो टिकला नाही. ६८६ चा नाताळ झाला तसा बेटावर परतला आणि पुढच्या मार्चमध्ये वारला. ही हकिकत आपल्याला कळते ती बीड या इतिहासकार साधूमुळे. इसहाकला असा बीड मिळाला नाही, म्हणून त्याचं चरित्र दोन परिच्छेदांत आटपतं.

आपल्याकडे उलटी गोष्ट जास्त आवडते. जनांवर रागावून ज्ञानेश्वर खोपीची ताटी लावून बसले आणि धाकटी मुक्ताई दाराशी उभी राहून त्यांना बाहेर बोलावत राहिली, हे आपल्या सगळ्यांच्या मनात कोरलेलं आहे. ताटी उघडली पाहिजे, साधूनं लोकांत आलं पाहिजे. आमच्याच जिल्ह्यातल्या जंगलांत तरुणपणी हिंडलेले तुकडोजी महाराज पुढे खंजिरी घेऊन गावोगाव फिरले आणि १९४२ च्या चिमूरच्या उठावाशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. जंगलातून माणसांत. इसहाक माणसांतून जंगलात, खरं म्हणजे डोंगरात गेला आणि पुन्हा आला नाही. मराठी मनाला हे जरा खटकतं. मलाही पहिल्यांदा खटकलं होतं. कुणी मुक्ताई त्याच्या दाराशी गेली नाही का?

गेली असणार. पण त्यानं आतूनच उत्तर दिलं, आणि ते लिहून ठेवलं.

निनवे सोडून इसहाक दक्षिणेला, आजच्या इराणातल्या खुझिस्तानात गेला. आधी मातूत नावाच्या डोंगरावर इतर एकांतवाशांजवळ, मग रब्बान शाबूरच्या मठात. आमच्या जिल्ह्याचा पारा मे महिन्यात ४७-४८ अंशांवर गेला की बातमी होते. खुझिस्तानात तो आकडा दरवर्षीचाच. तिथे हा माणूस आठवड्याला तीन भाकरी आणि थोडी भाजी खाऊन राही, शिजवलेलं अन्न घेत नसे, असं सांगतात. दिवसरात्र वाचन. वाचून वाचून आणि देह झिजवून शेवटी डोळे गेले. मग तो सांगायचा आणि शिष्य लिहायचे.

त्या लिखाणात काय आहे? बरंचसं साधूंनी साधूंना सांगितलेलं आहे: झोप कशी आवरावी, मन भरकटलं तर काय करावं, कंटाळा आला तर खोली सोडावी की नाही. हा भाग आपल्याला दूरचा वाटतो. पण मधेच तो असं काही बोलतो की वाचणारा थांबतो. दयाळू अंतःकरण कशाला म्हणायचं हे सांगताना त्यानं माणसांबरोबर पक्षी, जनावरं, सरपटणारे जीव, एवढंच काय सैतानाचे साथीदार यांनाही त्यात घेतलं आहे. या सगळ्यांची आठवण झाली की ज्याच्या डोळ्यांना पाणी येतं तो दयाळू, असा त्याचा रोख. पुस्तकात वाचायला हे गोड वाटतं. पण चंद्रपूर-गडचिरोलीत मोहफुलं वेचायला गेलेली बाई संध्याकाळी घरी येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी गाव वन खात्याच्या गाडीसमोर उभं राहतं. त्या गावात वाघासाठी डोळ्यांत पाणी आणा असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. इसहाकच्या काळीही डोंगरात सिंह होते, तेव्हा त्याला हे माहीत नव्हतं असं मात्र म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट त्याहून धाडसाची. देव माणसाला सूड म्हणून शिक्षा करत नाही, त्याची शिक्षाही सुधारण्यासाठीच असते, आणि नरकाचं दुःख देवाच्या दयेपेक्षा मोठं, कायमचं असूच शकत नाही, असं इसहाकनं लिहिलं. त्या काळात हे बोलणं सोपं नव्हतं. बेथ गर्माईचा बिशप दानिएल त्याच्या काही मतांवर चांगलाच भडकला होता, अशी नोंद आहे. निनवेच्या खुर्चीवर बसून इसहाकला हे लिहिता आलं असतं का, याबद्दल मला शंका आहे. तंटे सोडवणाऱ्याला दंड सांगावाच लागतो.

आणि मग पुस्तकांनी प्रवास सुरू केला. लेखक खोलीत, पुस्तकं जगभर. जेरुसलेमजवळच्या मार साबा मठात पात्रिकिओस आणि अब्रामिओस या दोन साधूंनी त्याची प्रवचनं ग्रीकमध्ये उतरवली. ग्रीक चर्च इसहाकच्या चर्चला पाखंडी समजत होतं. पुस्तक मात्र त्यांनी डोक्यावर घेतलं. ग्रीकमधून ते जॉर्जियन, लॅटिन, स्लाव्ह भाषांत गेलं, अरबीतही पोचलं. रशियात ते इतकं घरोघरी झालं की दस्तयेवस्कीच्या ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’ कादंबरीत स्मेर्द्याकोव्ह चोरलेल्या तीन हजार रुबलांच्या नोटा झाकायला जे पुस्तक वापरतो ते इसहाकच्या प्रवचनांचंच. सावकारामुळे गादी सोडली अशी ज्याच्याबद्दल गोष्ट, त्याचंच पुस्तक नोटांवर ठेवलेलं! दस्तयेवस्कीला ही गोष्ट माहीत होती का, कोण जाणे.

त्याच्या लिखाणाचा दुसरा भाग मात्र हरवल्यात जमा होता. त्याची एक प्रत इराणातल्या उर्मिया इथे होती. पॉल बेजान या विद्वानानं तिच्यातले उतारे १९०९ साली छापले आणि पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत ती प्रत नाहीशी झाली. १९८३ साली सेबास्टियन ब्रॉक हे सुरयानीचे अभ्यासक ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात एक जुनं हस्तलिखित चाळत होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून ते तिथल्या कपाटात होतं, पण त्यात नेमकं काय आहे इकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. तो इसहाकचा दुसरा भाग निघाला. नरकाबद्दलची ती धाडसी प्रकरणं त्याच भागात आहेत.

आता पुन्हा केरळ. १८३१ साली मान्नानमच्या टेकडीवर एका मठाची पायाभरणी झाली. तो उभारणारे पालाक्कल थोमा, पोरुकरा थोमा आणि तरुण कुरियाकोस चावरा या धर्मगुरूंच्या मनात मुळात ‘दर्शनवीडू’ बांधायचं होतं. वीडू म्हणजे घर. लोकांपासून दूर, ध्यानात राहायला एक घर. परवानगी मागायला ते बिशपकडे गेले तर बिशप म्हणाले, तुमच्यासारखे चार शिकलेले लोकच एकांतात जाऊन बसले तर इथल्या माणसांना शिकवायचं कुणी? एकांतवास राहिला आणि मठ झाला, मठाबरोबर शाळा आल्या, छापखाना आला. इथे मुक्ताईचं काम एका बिशपनं केलं, आणि ताटी लागायच्या आधीच केलं. पुढे हा साधुसंघ कार्मेलच्या परंपरेत गेला, जी स्वतःच बाराव्या-तेराव्या शतकात पॅलेस्टाईनच्या कार्मेल डोंगरावरच्या एकांतवाशांपासून निघालेली. चावरांना २०१४ साली संत म्हणून घोषित करण्यात आलं.

चांद्याचं काम या संघाकडे आलं ते १९६२ साली. केरळच्या थोमापंथी कॅथलिकांच्या सीरो-मलबार चर्चला केरळबाहेर मिळालेला हा पहिला स्वतंत्र मुलूख. केरळात त्याच वर्षी कुर्बाना सुरयानीऐवजी मल्याळममध्ये सुरू झाला. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातच आजचा गडचिरोली होता. शिवाय वर्धा आणि पलीकडचा आदिलाबाद. आदिलाबाद १९९९ साली वेगळा झाला. चांद्याचे पहिले प्रमुख जानुआरियस पालातुरुत्ती. १९७७ मध्ये चांद्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि ते पहिले बिशप झाले. १९९० पासून विजय आनंद नेडुंपुरम. दोघेही मान्नानमच्या त्याच साधुसंघातले. २०१४ मध्ये एफ्रेम नरिकुलम आले. एफ्रेम हे नाव चौथ्या शतकातल्या सुरयानी कवीचं. लोक त्याला बिशप करायला आले तेव्हा त्यानं म्हणे भर बाजारात वेड्याचं सोंग घेतलं आणि निसटला. परंपरेत हे किस्से कौतुकानं सांगतात, आणि बिशपांना तीच नावंही ठेवतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी इसहाकचं नाव कॅथलिक चर्चच्या संतांच्या अधिकृत यादीत घालत असल्याचं जाहीर केलं. पूर्वेकडच्या त्या जुन्या चर्चचे आजचे प्रमुख मार आवा तिसरे त्या दिवशी समोर बसले होते. यादीत नाव गेलं ते ‘निनवेचा इसहाक’ असं. कतारचा नव्हे, जिथे आयुष्य घालवलं त्या शाबूरच्या मठाचा नव्हे. तेराशे वर्षं तो ज्या गावाच्या नावानं ओळखला जातो तिथे तो पाच महिने होता.

निनवेचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या बाकावरच्या मित्राच्या घरी. मोठ्या उपवासाच्या काही आठवडे आधी तीन दिवस त्यांच्याकडे मासळी बंद असायची. त्याची आई त्याला ‘मून्नु नोयंबु’ म्हणायची, तीन उपवास: योनाचं ऐकून निनवेकरांनी धरले होते, ते. केरळात कुरविलंगाडच्या चर्चमध्ये त्या दिवसांत लाकडी जहाज खांद्यावर घेऊन, लाटांवर डोलल्यासारखं डोलवत, मिरवणूक काढतात, हे तिनंच सांगितलं होतं. हातानं ती जहाज डोलवून दाखवायची. त्या निनवेला इसहाक नावाचा बिशप होऊन गेला, हे तिला माहीत असेल-नसेल. मी विचारलं नाही. चौथ्या दिवशी मासळी तळल्याचा वास आमच्या घरापर्यंत यायचा आणि माझी आई म्हणायची, सुटला वाटतं त्यांचा उपवास.